शीतक बदलला, आता दुरुस्तीची रीत बदलायला हवी

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीतील पुरानी बस्ती हा शहराचा जुना, दाट वस्तीचा भाग. महामाया मंदिराच्या परिसरातील अरुंद गल्ल्या, एकमेकांना खेटून उभी घरे आणि मे महिन्यात ४४ अंशांपलीकडे जाणारा पारा. अशा वस्त्यांत वातानुकूलन यंत्र ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. मात्र या यंत्रांत भरला जाणारा शीतक वायू गेल्या दशकभरात बदलला आहे. नवा वायू जुन्यासारखा पूर्णतः अज्वलनशील नाही, ही बाब ग्राहकाइतकीच दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीनेही जाणून घेणे आवश्यक आहे.

बदलामागील कारण रास्त आहे. आर-२२ हा जुना वायू ओझोन थराला घातक ठरला. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट तापमानवाढ घडवतो. आर-३२ साठी हा आकडा ६७५ आहे, तर आर-२९० म्हणजेच प्रोपेनसाठी तो जेमतेम ३ च्या घरात आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार हायड्रोफ्लुरोकार्बनचा वापर २०२८ मध्ये गोठवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे.

याची किंमत ज्वलनशीलतेच्या रूपाने मोजावी लागते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आर-३२ ‘ए-२एल’ म्हणजे सौम्य ज्वलनशील, तर प्रोपेन ‘ए-३’ म्हणजे अतिज्वलनशील गटात मोडतो. आर-३२ ची ज्योत सेकंदाला ७ सेंटीमीटरहूनही कमी वेगाने पसरते आणि पेट घेण्यासाठी हवेत त्याचे प्रमाण सुमारे १४ टक्के व्हावे लागते. प्रोपेनला २ टक्के पुरतात. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत यंत्रातील पाऊण किलो आर-३२ पूर्णपणे गळून हवेत सारखा मिसळला, तरी तो ज्वलनमर्यादेच्या दहाव्या भागापर्यंतही पोहोचत नाही. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

धोका आहे तो दुरुस्तीच्या वेळी. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंदिस्त जागेत खाली साचतो, गळतीच्या तोंडाशी दाट असतो आणि पेटल्यास विषारी हायड्रोजन फ्लोराइड निर्माण करतो. नळीतील वायू पूर्णपणे काढून न घेता, नायट्रोजनने नळी साफ न करता तिच्यावर ब्रेझिंगची ज्योत धरणे आर-२२ च्या काळात खपून जात असे; आता ते जिवावर बेतू शकते. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे जुन्या यंत्रात भलताच वायू भरणे. प्रोपेनचा दाब आर-२२ च्या जवळपास असल्याने यंत्र चालते. परंतु त्याची विद्युत जोडणी ठिणगीपासून सुरक्षित नसते आणि बाहेरच्या पट्टीवर जुन्याच वायूचे नाव राहते. पुढचा मिस्त्री त्या नावावर विसंबून ज्योत पेटवतो.

या संदर्भात महाराष्ट्राचा अनुभव उपयोगी आहे. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे गोदरेजने जर्मनीच्या साहाय्याने प्रोपेनवर चालणारी घरगुती वातानुकूलन यंत्रे तयार करून २०१२ मध्ये बाजारात आणली. यंत्रातील वायूचे प्रमाण मर्यादित ठेवणे आणि तंत्रज्ञांना प्रशिक्षण देणे, हे त्या प्रयोगाचे आधारस्तंभ होते. वायू कितीही ज्वलनशील असो, तो हाताळणारा हात तयार असेल तर धोका आटोक्यात राहतो, हे त्यातून दिसले.

२०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख सेवा-तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. पण हंगामी मागणीवर जगणाऱ्या, असंघटित मिस्त्रीसाठी वर्गात बसणे म्हणजे रोजगार बुडवणे असते. युरोपीय संघात असे वायू प्रमाणित व्यक्ती व संस्थांनाच विकत घेता येतात. आपल्याकडेही सिलिंडरच्या विक्रीला प्रमाणपत्राची अट टप्प्याटप्प्याने जोडणे आणि प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी देणे, ही दोन पावले एकत्रच पडायला हवीत. अट एकटी आली तर चोरटा व्यापार वाढेल. प्रशिक्षण एकटे राहिले तर वर्ग रिकामे राहतील.

ग्राहकानेही यंत्रावरील पट्टी वाचावी, दुरुस्तीच्या वेळी दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि स्वस्त पर्यायी वायू ठामपणे नाकारावा. हवामान करारातील वचन दिल्लीत दिले जाते. ते सुरक्षितपणे पाळण्याचा भार मात्र पुरानी बस्तीसारख्या गल्लीत शिडीवर उभ्या असलेल्या मिस्त्रीवर येतो. धोरणाचे लक्ष त्याच्यापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.