हर्बीची पिशवी

काही वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी आम्हा सगळ्या सुपरवायझर मंडळींना एक पुस्तक वाचायला दिलं. मॅनेजमेंटचं. म्हटलं, झालं, आता आठवडाभर झोपेची सोय! उघडून बघतो तर चक्क कादंबरी. एलियाहू गोल्डरॅट आणि जेफ कॉक्स यांची 'द गोल', १९८४ सालची. गोल्डरॅट मूळचा भौतिकशास्त्राचा माणूस, इस्रायलचा (२०११ साली गेला). कारखाना कसा चालवावा हे सांगायला या माणसाने गोष्ट निवडली.

अ‍ॅलेक्स रोगो हा कारखान्याचा मॅनेजर. माल वेळेवर जात नाही, वरून तीन महिन्यांची मुदत मिळालीय, नाहीतर टाळं. घरीही धड नाही, बायको वैतागून निघून जाते. अशात जोना नावाचे जुने प्राध्यापक त्याला विमानतळावर भेटतात. हा फुशारकीने सांगतो, आम्ही रोबो बसवले, काम केवढं वाढलं! जोना शांतपणे विचारतात, त्यामुळे माल जास्त गेला का? माणसं कमी झाली का? साठा घटला का? तिन्हींचं उत्तर 'नाही'.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण आमच्याकडेही एक नवीन मशीन आलं होतं, पेढे वाटून झाले होते, आणि डिस्पॅच होता तिथेच होता. हेच जर कोणी तक्ता काढून शिकवलं असतं तर मी मान डोलावून चहाला गेलो असतो. गोष्टीत मात्र अ‍ॅलेक्सबरोबर आपणही तोंडघशी पडतो आणि उत्तर शोधायला लागतो.

कादंबरी म्हणून ती काही थोर नाही हो. जोना नेमके हवे तेव्हाच उगवतात. आणि लेखकाच्या हातातला कारखाना, तिथे उपाय लागू पडणारच! खऱ्या शॉपवर सुट्ट्या असतात, भांडणं असतात, लाइट जाते. पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती पुस्तकाबद्दल कमी, आम्हा वाचणाऱ्यांबद्दल जास्त.

त्यात मुलांच्या पायी सहलीचं एक प्रकरण आहे. रांगेतला हर्बी नावाचा लठ्ठ मुलगा हळू चालतो, त्यामुळे पुढचे फार पुढे जातात, मागचे खोळंबतात. सगळ्या रांगेचा वेग म्हणजे हर्बीचा वेग. कारखान्यातही असा एक हर्बी असतो, त्याचा एक तास वाया गेला तर सगळ्या कारखान्याचा तास गेला. हे आम्हाला इतकं आवडलं की आम्ही लगेच आमचा हर्बी शोधला. फायनल इन्स्पेक्शनचं टेबल. तिथे बसायचे एक काका, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. टेबल राहिलं बाजूला, काकांनाच 'हर्बी' नाव पडलं. मीही म्हणायचो. आज लाज वाटते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत काकांनी मलाच विचारलं, "हर्बी म्हणजे काय हो?" खोटं बोलवेना. सहलीची गोष्ट सांगितली. काका डबा पुसत ऐकत होते.

"मग पोहोचली का मुलं?"

पोहोचली. अ‍ॅलेक्स हर्बीला सगळ्यात पुढे ठेवतो, आणि मग त्याची पाठपिशवी उघडतो. आत लोणच्याची बरणी, लोखंडी तवा, घडीचं फावडं, काय काय! ते सामान इतर मुलं वाटून घेतात आणि हर्बी झपझप चालायला लागतो.

"असं," काका म्हणाले. "माझी पिशवी कोणी उघडली?"

मला काही बोलताच आलं नाही. पुस्तक आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं, पण लक्षात फक्त नाव राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ बसलो. एकच ड्रॉइंग नंबर तीन रजिस्टरांत लिहायचा, गेज शोधायला स्टोअरला खेपा, चलनावर सह्या, शिवाय आधीच्या मशीनवरच बाद ठरायला हवे होते ते जॉबही त्यांच्याच टेबलावर. (बॉटलनेकच्या आधी तपासा, हेही पुस्तकात आहेच!) रजिस्टरं आणि खेपा एका अप्रेंटिसकडे दिल्या. चमत्कार वगैरे झाला नाही, पण टेबलाखालचा ढीग ओसरला.

पुढे २०१३ साली 'द फिनिक्स प्रोजेक्ट' नावाची तशीच कादंबरी आली, आयटीवाल्यांसाठी. त्यात बॉटलनेक म्हणजे सरळ एक माणूसच, ब्रेंट, ज्याच्यावाचून कोणाचंच पान हलत नाही. वाचताना मला काकाच दिसत होते. माझ्या आयटीतल्या भाच्याला ते पुस्तक दिलं तेव्हा बजावलं, ऑफिसात कोणाला ब्रेंट म्हणू नकोस.

असो. त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपली, सायरन झाला, मी उठलो. काकांनी हाक मारली.

"अहो, त्या मॅनेजरची बायको आली का परत?"

आली, म्हटलं.

"बरं झालं," म्हणाले, आणि टेबलाकडे गेले.