स्वतंत्र धंद्याचे धैर्य

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या गावी एखाद्या शिकलेल्या मुलाने सायकल-दुरुस्तीचे दुकान घातले, की ‘नोकरी लागली नाही वाटते!’ असे लोक सहज म्हणून जातात. भांडवलाच्या अभावापेक्षाही पुष्कळांना या बोलण्याचेच भय अधिक वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ते बाळगले नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास आले आणि भावासह सायकलींच्या दुकानात राबू लागले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला. परंतु लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत! नांगर पडून राहिले. नोकरी सोडण्यास एका दिवसाचा निश्चय पुरतो. न खपलेल्या नांगरांकडे रोज पाहत पुन्हा भट्टी पेटविण्यास मात्र निराळीच छाती लागते.

१९१० साली औंधच्या राजेसाहेबांच्या साह्याने कुंडल रोडजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना उभारला. तीच किर्लोस्करवाडी. साह्य घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. मग शिरूरच्या दुकानदाराने पाना-पक्कड शेजाऱ्याकडून उसनी आणली, तर त्याने का लाजावे?