आंब्याच्या बुंध्याशी भुसा दिसतोय का?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या रहिवाशांनो, पावसाळा तोंडावर आला आहे. आज संध्याकाळी सोसायटीतल्या, वाडीतल्या आंब्याखाली थोडं थांबा आणि बुंधा नीट पाहा. सालीला भोक पडलंय? त्यातून चिकट रस ओघळलाय? मुळाशी लाकडाचा भुसा साचलाय? तसं असेल तर झाडाला भिरूड लागला आहे आणि हातात दिवस थोडे आहेत.

भिरूड म्हणजे खोडकिडा. कोकणातले बागायतदार त्याला चांगले ओळखून आहेत. शहरात मात्र फांद्या वाळू लागेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. त्याचा भुंगा साधारण पाच सेंटिमीटर लांब, राखाडी, पाठीवर तांबूस-पिवळे ठिपके आणि लांबलचक मिशा. पावसाच्या सुरुवातीला तो बाहेर पडतो, रात्री दिव्यांकडे झेपावतो. मादी सालीच्या खाचांत आणि जखमांत अंडी घालते. खरा घात करते ती अळी. कित्येक महिने ती आतून लाकूड पोखरत राहते, झाडाचा अन्नरस तुटतो, एकेक फांदी पिवळी पडते. वर पालवी दिसत असते आणि आत खोड पोकळ झालेलं असतं. आंब्याइतकाच फणसालाही त्याचा धोका आहे.

अशक्त, जखमी झाडावर हा किडा लवकर बसतो, आणि शहरात झाडं अशक्त आपण करतो. बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवतो, गटारासाठी मुळं तोडतो, पुनर्विकासाचा राडारोडा खोडाशी ओततो, पाट्यांसाठी खिळे ठोकतो. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत फांद्या ओरबाडल्या जातात आणि ती जखम तशीच उघडी राहते. हे सगळं थांबवता येण्यासारखं आहे. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच खोडाभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं. आपल्या आवारात तेवढं करायला कुणाच्या आदेशाची वाट कशाला पाहायची?

भोक हाताशी असेल तर भुसा साफ करा, टोक वाकवलेली तार आत घालून अळी ओढून काढा. मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून भोक चिखलाने घट्ट लिंपा. त्या वेळी जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नका. छाटणीच्या जखमांना बोर्डो पेस्ट लावा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. कीटकनाशक वापरायचं तर कृषी खात्याला किंवा कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना विचारून. भोकं उंचावर असली तर शिडी लावून धाडस करू नका, महापालिकेच्या उद्यान विभागाला बोलवा.

कीड दिसली म्हणून झाड तोडायचा अर्ज मात्र करू नका. वेळेत अळी काढली तर आंबा सावरतो. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. जाळणं, इजा करणं हेही त्यात तोडणंच धरलं आहे. खोड खरोखर पोकळ झालं असेल आणि खाली रस्ता किंवा मुलांची खेळायची जागा असेल, तर वृक्ष अधिकाऱ्याची तपासणी तातडीने मागा.

वाळलेली, पोखरलेली फांदी कापली तर ती आवारात रचून ठेवू नका. आतली अळी जिवंत राहून भुंगा बाहेर येऊ शकतो. अमेरिकेत हिरव्या रंगाच्या अशाच एका खोडकिड्याने ॲश जातीची कोट्यवधी झाडं मारली. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ तो ओळखला गेला, तेव्हा काही वर्षं आधीच येऊन रुजलेला होता. पुढे सरपणाच्या लाकडातून तो राज्याराज्यांत पोचला.

चेअरमन, सेक्रेटरींनो, हा विषय याच आठवड्यात सभेत घ्या आणि आवारातलं प्रत्येक आंब्याचं, फणसाचं झाड तपासा. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात अर्ज लेखी द्या, बुंध्याचा फोटो जोडा, पोच घ्या. आठ दिवसांत कुणी आलं नाही तर ती पोच घेऊन पुन्हा जा.