शॉकअपची जोडी

चाकणला बनलेली आमची पोलो जीटी सव्वा लाख किलोमीटर चालली. गेल्या महिन्यात नवघर रोडवर पुढून खडखड सुरू झाली. "विकून टाक," अम्मी म्हणाल्या. मिस्त्रीने पाहिले, तर एका शॉकअपमधून तेल गळत होते. मी म्हटले, "तेवढाच बदला." तो म्हणाला, "सर, जोडीच बदलतात. नाहीतर दोन्ही चाके सारखी टेकत नाहीत, ब्रेकला गाडी ओढते." सोबत माउंट, लिंक रॉड, लोअर आर्मचे बुशही नवे घातले. बुशचे बोल्ट त्याने गाडी चाकांवर उभी करूनच कसले; अधांतरी कसले तर रबर पिळून लवकर फाटते. शेवटी अलाइनमेंट.

परवा गायमुखच्या उतारावर अचानक रिक्षा आडवी आली. गाडी सरळ थांबली. मागे दोन्ही मुली होत्या. खडखड ऐकू आली, तर काचा वर करू नका.