सायकलला मोटर जरूर लावा, पण खर्चाची सुरुवात ब्रेकपासून करा



सायकलला इलेक्ट्रिक किट लावायचं म्हटलं की दुकानात प्रश्न ठरलेला असतो. "कमीत कमी कितीत बसेल आणि जास्तीत जास्त किती पळेल?" माझं मत विचाराल तर या प्रश्नापासूनच गडबड सुरू होते. जुनी सायकल विजेवर चालवणं ही चांगली सोय आहे. चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या, स्कूटरचा हप्ता न परवडणाऱ्या माणसासाठी तर फारच चांगली. पण पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत हे आधी ठरवा. ज्याला सायकल विजेवर करायची आहे आणि ज्याचं सायकलचं दुकान आहे, त्या दोघांसाठी आज लिहितोय.

आधी अंतर मोजा

घर ते काम एका बाजूने ५ किलोमीटरच्या आत आणि रस्ता सपाट असेल, तर किट घेऊच नका. बेअरिंगला ग्रीस, नवीन चेन आणि टायरमध्ये नीट हवा, एवढ्यात सायकल हलकी होते. एका बाजूने १५-२० किलोमीटर असेल तरीही साधं किट तुमच्या कामाचं नाही. बॅटरी मोठी लागेल आणि बजेट हातातून जाईल. या किटचा खरा गिऱ्हाईक म्हणजे एका बाजूने ६ ते १२ किलोमीटर रोज जाणारा माणूस.

आता हिशोब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावातला आजचा भाव टाकून पुन्हा मांडा.

समजा २५० वॅटची हब मोटर, कंट्रोलर आणि लिव्हर मिळून ६,५०० रुपये. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी चार्जरसकट ९,००० रुपये. ब्रेक, टायर, स्पोक यांवर २,००० आणि मजुरी १,५००. एकूण १९,००० झाले.

३६ गुणिले १० म्हणजे बॅटरीत ३६० वॅट-अवर. पेडलची थोडी साथ दिली तर किलोमीटरला साधारण १२ वॅट-अवर धरा. म्हणजे एका चार्जमध्ये ३० किलोमीटर. रोजचे २० किलोमीटर आरामात निघतात आणि बॅटरी पूर्ण उतरतही नाही.

विजेचा खर्च दिवसाला तीन रुपयांच्या आसपास. बरेच जण इथेच थांबतात आणि "तीन रुपयांत ऑफिस" म्हणून खूश होतात. पण बॅटरीही रोज झिजते, तिलाही इंधनच समजा. ५०० पूर्ण चार्ज धरले तर ती १५,००० किलोमीटर चालेल. ९,००० भागिले १५,००० म्हणजे किलोमीटरला ६० पैसे, दिवसाला १२ रुपये. म्हणजे खरा खर्च १५ रुपये. तेवढ्याच अंतराला ४५ चं ॲव्हरेज देणारी स्कूटर पेट्रोलचेच सुमारे ४५ रुपये खाते. दिवसाला ३० रुपये वाचले, महिन्याला २५ दिवस धरून ७५०. बॅटरी सोडून उरलेले १०,००० रुपये तेरा-चौदा महिन्यांत वसूल होतात. धंद्याच्या भाषेत हा चांगलाच परतावा आहे. मात्र तीन रुपयांचं स्वप्न दाखवून किट विकू नका आणि घेऊही नका.

ब्रेकवर एक रुपयाही कापू नका

साधी सायकल आपण ताशी १२ ते १५ किलोमीटरने चालवतो. मोटर लावली की २५ होतो. वेग १५ वरून २५ झाला की थांबवायची ताकद जवळजवळ पावणेतीन पट लागते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. आणि आपल्याकडच्या काळ्या सायकलचे रॉड ब्रेक? पावसाळ्यात रिम ओली झाली की ते धरतच नाहीत. अशा सायकलवर मोटर बसवणं म्हणजे जाणूनबुजून धोका विकत घेणं आहे.

म्हणून खर्चाचा माझा क्रम असा आहे. पहिल्यांदा ब्रेक, मग टायर आणि रिम, मग बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी मोटर. रिमचा आऊट काढा. गंजलेले स्पोक बदला. चिमट्याला तडा आहे का ते पुसून, उजेडात बघा. हब मोटर पुढच्या चाकात बसवणार असाल तर चिमटा लोखंडीच हवा. मोटर जोर लावते तेव्हा तिचा एक्सल खाचेत उलटा फिरायला बघतो आणि ॲल्युमिनियमचा चिमटा तिथे तुटू शकतो. एक्सल धरून ठेवणारी टॉर्क आर्म नावाची पट्टी लावाच. ती किटच्या मानाने अगदी स्वस्त आहे. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर किटमध्ये असतात. "वायर लांब पडते" म्हणून ते न जोडणारे कारागीर मी पाहिलेत. तसं करू देऊ नका.

बॅटरीत स्वस्त कुठे चालतं

लेड-ॲसिड वाईटच, असं मी म्हणणार नाही. पदरात पैसे कमी असतील आणि दिवसाला ८-१० किलोमीटरच जायचं असेल तर तिने सुरुवात करता येते. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या म्हणजे कॅरिअरवर १२ किलोच्या आसपास वजन, तर तेवढंच काम करणारी लिथियम साधारण तीन किलोची. दुसरं, लेड-ॲसिड रोज पूर्ण उतरवली तर लवकर बसते.

लिथियम घ्याल तर बीएमएस असलेलीच घ्या. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं हे सर्किट आहे. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवते, तेव्हा चार्जरही ४२ व्होल्टचाच हवा. "बसतोय ना प्लग" म्हणून दुसरा चार्जर लावू नका. बॅटरीजवळ फ्यूज टाका. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून बांधलेला पॅक कितीही स्वस्त मिळाला तरी नको. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर केंद्राने स्कूटरच्या बॅटरीचे नियम कडक केले. गल्लीत बांधलेला पॅक अशा कुठल्याच चाचणीतून गेलेला नसतो. आणि वन रूम किचनमध्ये दाराशी रात्रभर बॅटरी चार्जिंगला लावू नका. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो.

५०० वॅटचा मोह

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची ताकद २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असेल तर ती मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नको, नंबर नको. याच्या वर गेलात की ती कायद्याने गाडी होते आणि घरी जोडलेल्या गाडीची नोंदणी होणार कशी? पेट्रोल इंजिनच्या किटचंही तेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतच सूट आहे, बाजारात फिरणारी किट ५० आणि ८० सीसीची असतात.

"पोलीस कुठे अडवतात?" हे मला रोज ऐकायला मिळतं. बरोबर आहे, बहुतेक वेळा नाही अडवत. पण उद्या तुमच्या सायकलखाली कुणाचं म्हातारं माणूस आलं तर? नोंदणी नाही, विमा नाही. भरपाई तुमच्या खिशातून जाणार. ज्या माणसाने महिन्याला ७५० रुपये वाचवायला किट लावलं, त्याला हा धोका परवडेल का?

२५० वॅट पुरतात का? सपाट रस्त्यावर पुरतात. उड्डाणपुलावर पेडल मारावं लागेल, ते मारा.

दुकानदार मित्रांनो, आता तुमच्याशी

पंक्चर आणि ओव्हरहॉलिंगवर दुकान चालवणं अवघड झालंय, हे मला वेगळं सांगायला नको. हे काम तुमच्यासाठी नवीन कमाई आहे. पण सायकल बघून "हिला बसणार नाही" म्हणायची तयारी ठेवा. कोटेशनमध्ये ब्रेकचं काम वेगळी ओळ म्हणून लिहा आणि ते नको म्हणणाऱ्याचं किट बसवू नका. मोटरचे वॅट आणि बॅटरीचा नंबर बिलावर टाका. पंधरा दिवसांनी एक चेकअप मजुरीतच धरा, कारण नवीन हबचे स्पोक आणि एक्सलचे नट तेव्हाच सैल पडतात.

"मी नाही म्हटलं तर शेजारचा लावून देईल." देऊ दे की. पहिल्या पावसात तीच सायकल ब्रेकसाठी तुमच्याकडे येईल, आणि बिलावर नाव शेजारच्याचं असेल.

ज्यांना किट घ्यायचंय त्यांनी या आठवड्यात एवढंच करा. रोजचे किलोमीटर सात दिवस वहीत लिहा आणि सायकल जवळच्या मिस्त्रीला दाखवून ब्रेकचा खर्च विचारा. मोटरचा भाव त्यानंतर काढू.