शाळेनंतर भाषेचे काय?

शाळेत जपलेली मातृभाषा महाविद्यालयात गेल्यावर कोण जपणार? कॅनडातील युक्रेनियन समाजापुढेही हाच प्रश्न होता. १८९१ पासून युक्रेनियन कुटुंबे तेथे स्थायिक होऊ लागली. मॅनिटोबा प्रांतातील शाळांत त्यांच्या मुलांना इंग्रजीबरोबर स्वभाषेतूनही शिक्षण मिळे. १९१६ मध्ये कायद्याने ती सोय बंद झाली.

१९५३ मध्ये विद्यापीठांतील युक्रेनियन विद्यार्थी मंडळांनी विनिपेग येथे 'सुस्क' हा देशव्यापी महासंघ स्थापन केला. १९६८ पासून त्याने 'स्टुडंट' हे वृत्तपत्र चालवले आणि सर्व संस्कृतींना मान देणाऱ्या धोरणाचा आग्रह धरला. १९७१ मध्ये सरकारने तसे धोरण जाहीर केले. १९७४ मध्ये एडमंटनमध्ये इंग्रजी-युक्रेनियन द्विभाषिक वर्ग सुरू झाले. हे श्रेय एकट्या विद्यार्थ्यांचे नव्हे. पण त्यांचा वाटा मोठा होता.

आम्हांला वाटते, वडीलधाऱ्यांनी भाषेचा नुसता उपदेश करून भागत नाही. तरुणांच्या हाती कारभार द्यावा लागतो. दहावीनंतर आपली मुले शहरभर पांगतात. त्यांचे एक मंडळ व्हावे. विश्वस्तांनी जागा द्यावी, पालकांनी पाठबळ द्यावे आणि निर्णय मुलांवर सोडावेत.