महिन्यानंतरची चौकशी

वडिवळ्याच्या धरणातून सुटलेले कुंडलीचे पाणी इंद्रायणीला मिळते आणि पुढे तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळ्याच्या रांजणखळग्यांतून वाट काढते. त्या कुंडमळ्यावरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ च्या रविवारी दुपारी पर्यटकांच्या गर्दीसह नदीत कोसळला, चौघे दगावले आणि पन्नासांहून अधिक माणसे जखमी झाली. त्यातून वाचलेल्यांचा विषय निघाला, की ‘ती माणसे आता जन्माची खचली’ असे मोठ्या कळकळीने बोलले जाते. आरोग्याला वाहिलेल्या या सदरात त्या बोलण्याची शहानिशा करणे मला अगत्याचे वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे जगातील सुमारे ७० टक्के माणसांच्या वाट्याला आयुष्यात केव्हा ना केव्हा जबर आघाताचा प्रसंग येतो, परंतु त्यांपैकी ५.६ टक्क्यांनाच पुढे आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे ज्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात तो, जडतो. युद्ध वा हिंसक संघर्ष भोगलेल्यांत हे प्रमाण १५.३ टक्क्यांपर्यंत जाते आणि लैंगिक अत्याचारानंतर ते विशेष अधिक असते. तरीही आघात झाला म्हणजे विकार जडलाच, असे समीकरण मांडता येत नाही. पहिल्या काही रात्री डोळ्याला डोळा न लागणे, पत्र्यावर पावसाची सर आपटताच छातीत धस्स होणे, घास घशाखाली न उतरणे, ही हादरलेल्या मनाची स्वाभाविक प्रतिक्रिया होय. महिना उलटल्यावरही तोच प्रसंग जागेपणी आणि स्वप्नात पुन्हा पुन्हा समोर उभा राहत असेल, माणूस त्या वाटेने जाणेच टाळत असेल, सदैव दचकत असेल आणि कामधंदा सुटत चालला असेल, तेव्हा या विकाराचा विचार करावा लागतो. मात्र टाळणे म्हणजे दर वेळी विकारच असे नाही. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, दगडमातीच्या ज्या जाड भिंतींनी माणसे गाडली, तशाच भिंतींखाली पुन्हा निजायला कोणी धजत नसेल, तर त्याला रोगी कसे म्हणावे?

आघातानंतर प्रत्येकाकडून एकाच बैठकीत सारी हकिकत वदवून घेण्याची पद्धत मध्यंतरी रूढ झाली होती. तिने विकार टळत नाही असे अभ्यासांत दिसून आले. उलट, सावरण्याचा मोठा भाग पुढल्या दिवसांवर अवलंबून असतो: जिवाभावाची माणसे जवळ आहेत की नाहीत, रोजगार टिकला की गेला, कर्जाचा तगादा लागला की काय. एकाच पुलावरून पडलेल्या दोघांपैकी एक महिन्याभरात कामावर रुजू होतो आणि दुसरा घराबाहेर पडत नाही, याचे कारण पुष्कळदा पुलापेक्षा घरी सापडते.

परंतु बहुतेक माणसे सावरतात, एवढ्यावर समाधान मानणे मला क्रूरपणाचे वाटते. कारण चारचौघांसारखा जो सावरत नाही, त्याला ‘इतरांना जमते, तुलाच काय झाले?’ हा प्रश्न ऐकावा लागतो आणि मग तो बोलेनासाच होतो. सरकारी पंचनाम्यात मयत, जखमी, घराची अंशतः वा पूर्णतः पडझड, दगावलेली जनावरे, सारे नोंदले जाते. मन थाऱ्यावर आले की नाही, हे विचारायला महिन्यानंतर कोणी फिरकत नाही. पाण्यात उड्या घालून माणसे ओढून काढणाऱ्यांची नावे तर जखमींच्या यादीतही नसतात, वास्तविक त्यांनी पाहिलेलेही कमी भीषण नसते.

यावर फार मोठा खर्च नको. महिना संपताच आशाताईने वा आरोग्यसेवकाने त्या घरी जावे, झोप लागते का, कामावर जाता का, एवढे आपुलकीने विचारावे, आणि उत्तर अडखळले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याची सोय करून द्यावी. हा विकार उपचारांनी आटोक्यात येतो, आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. पर्यटक आपापल्या गावी पांगले असले, तरी त्यांचे नाव-पत्ते रुग्णालयांच्या आणि तहसील कचेरीच्या दफ्तरात आहेत. आरोग्य खात्याने ते मागवून घ्यावेत, आणि नदीत उतरलेल्या गावकऱ्यांची नावे ग्रामपंचायतीने स्वतः होऊन त्यांत घालावीत.